आठ गुणांचा प्रश्न : राष्ट्रसंघ का कोसळला?



मागच्या सणाला आमचा नातू घरी आला होता. अकरावीत शिकतो. जेवणं झाल्यावर इतिहासाचं पुस्तक उघडून बसला आणि एकाएकी म्हणाला, "आजी, पहिल्या महायुद्धानंतर सगळ्या देशांनी मिळून खेवेर हा-लेउमीम काढला होता ना? पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून? मग वीस वर्षांत दुसरं युद्ध झालंच कसं?"

आम्ही खूश झालो. म्हटलं, हा तर आमचा पाठ असलेला प्रश्न! आमच्या वेळी मुंबईच्या मराठी शाळेत अकरावीला मॅट्रिक असे. इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न हमखास पडायचा. 'राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे सांगा.' गुण आठ. बाईंनी कारणे फळ्यावर लिहून दिली होती, आम्ही ती घोकली होती, आणि इतक्या वर्षांनंतरही ती तोंडात होती. नातवाला बोटांवर मोजून दाखवली. अमेरिका सभासद झाली नाही. संघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. महत्त्वाच्या निर्णयांना एकमत लागे. व्हर्सायचा तह जर्मनीला जाचक वाटला. १९२९ पासून जगभर मंदी आली. हुकूमशहा माजले.

नातवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, ही यादी झाली. पण ती माणसं काय करत बसली होती?"

आम्ही गप्प झालो. आठ गुण मिळवले होते, पण उत्तर माहीत नव्हतं. मग बरेच दिवस वाचन केलं, जुन्या आठवणी चाळल्या, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत. घरातल्या थोरांनी हा लेख मुलांना वाचून दाखवावा, ही विनंती.

संघ कसा जन्मला

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. आपल्या हिंदुस्थानातूनही दहा लाखांहून जास्त माणसे त्या युद्धासाठी समुद्रापार गेली होती. युद्ध संपले तेव्हा घरोघरी सुतक होते, आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की हे पुन्हा होता कामा नये.

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी राष्ट्रसंघाचा आग्रह धरला. संघाची सनद व्हर्सायच्या तहातच घातली गेली. २८ जून १९१९ रोजी सह्या झाल्या आणि १० जानेवारी १९२० पासून संघ सुरू झाला. सुरुवातीला ४२ देश सभासद होते. स्वित्झर्लंडमधले जिनिव्हा शहर त्याचे ठाणे ठरले. हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य होते, तरी त्याचेही नाव पहिल्या सभासदांत होते. तहावर हिंदुस्थानातर्फे सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते.

सनदेत २६ कलमे होती. मुलांनो, त्यांतली दोनच लक्षात ठेवा. दहावे कलम सांगत होते की एकमेकांच्या हद्दींचा मान राखायचा आणि कोणी बाहेरून हल्ला केला तर त्या हद्दी जपायच्या. सोळावे कलम सांगत होते की एखाद्या सभासदाने करार मोडून युद्ध केले, तर ते सर्वांविरुद्ध युद्ध मानायचे, आणि सर्वांनी त्याच्याशी व्यापार-उदीम बंद करायचा. म्हणजे एकाच्या घरावर दरोडा पडला की सगळी आळी लाठ्या घेऊन धावणार, असे वचन होते.

पण ज्याने पाळणा हलवला, तोच बारशाला आला नाही. अमेरिकेच्या सिनेटने तह नाकारला आणि अमेरिका संघाबाहेर राहिली.

जे चांगले झाले, तेही सांगायला हवे

राष्ट्रसंघ अगदीच निकामी होता असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही. आम्ही नर्स होतो, म्हणून आधी आरोग्याचे काम पाहिले. संघाने १९२५ साली सिंगापूरला एक कचेरी उघडली. आशियातल्या बंदरांतून प्लेग, कॉलरा, देवी यांच्या बातम्या तिथे गोळा होत आणि तिथून तारेने सगळीकडे कळवल्या जात. कुठल्या बंदरात साथ आहे हे जहाज निघण्याआधीच समजू लागले. नॉर्वेचे फ्रिट्‌यॉफ नान्सेन यांनी संघाच्या वतीने चार लाखांहून अधिक युद्धकैदी आपापल्या घरी पोचवले. ज्यांना कुठलाच देश उरला नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ पासून 'नान्सेन पासपोर्ट' निघाले.

भांडणेही मिटवली. १९२१ साली फिनलंड आणि स्वीडन यांच्यात आलंड बेटांवरून वाद होता. संघाने निवाडा दिला आणि दोघांनी तो मानला. ऑक्टोबर १९२५ मध्ये सरहद्दीवर गोळीबार झाला म्हणून ग्रीसचे सैन्य बल्गेरियात घुसले. संघाने मागे फिरा म्हणून सांगितले, ग्रीस मागे फिरला आणि ४५,००० पौंड भरपाईही दिली. तेव्हाही संघाजवळ सैन्य नव्हतेच!

मग बिघडले कुठे? हाच ग्रीस दोन वर्षे आधी दुसऱ्या बाजूला होता. ऑगस्ट १९२३ मध्ये ग्रीसच्या हद्दीत एका इटालियन सेनापतीचा खून झाला. मुसोलिनीने ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या आणि बेट ताब्यात घेतले. ग्रीसने संघाकडे दाद मागितली. पण मोठ्या देशांनी ते प्रकरण संघाकडून काढून आपल्या राजदूतांच्या बैठकीत नेले, आणि शेवटी ग्रीसलाच पाच कोटी लिरा मोजावे लागले. ग्रीसने चूक केली तेव्हा दंड ग्रीसने भरला, आणि ग्रीसवर तोफा डागल्या गेल्या तेव्हाही पैसे ग्रीसनेच भरले. आपल्याकडे म्हणतात ना, बळी तो कान पिळी.

वरातीमागून घोडे

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री जपानी सैन्याने चीनच्या मांचुरिया प्रांतात एक निमित्त काढून हल्ला चढवला. चीन आणि जपान दोघेही सभासद होते. चीनने संघाचे दार ठोठावले. संघाने चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख लॉर्ड लिटन म्हणजे बंगालचे माजी गव्हर्नर. त्यांचा जन्मही सिमल्याचा. समिती मांचुरियात पोचली एप्रिल १९३२ मध्ये. तोपर्यंत जपानने तिथे आपले बाहुले राज्य उभे केले होते. अहवाल ऑक्टोबरमध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी आमसभेत मतदान झाले, तेव्हा अहवालाच्या बाजूला ४२ मते पडली आणि विरुद्ध फक्त एक, जपानचे. जपानी प्रतिनिधी उठून चालते झाले आणि पुढे जपानने संघच सोडला. मांचुरिया जपानकडेच राहिला. व्यापार कोणी बंद केला नाही.

अहवाल चांगला होता, असे जाणकार म्हणतात. असेल. आमच्या वॉर्डातही काही केसपेपर फार सुंदर अक्षरात लिहिलेले असत, पण पेशंटला औषध दिलेले नसे!

त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. इथे एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी. अप्पर सायलेशिया या भागासाठी जर्मनी आणि पोलंड यांच्यात १९२२ साली खास करार झाला होता, आणि तिथल्या अल्पसंख्याकांचे रक्षण संघाकडे होते. फ्रान्झ बर्नहाइम नावाच्या एका यहुदी नोकरदाराला तिथल्या दुकानातून काढून टाकले. मे १९३३ मध्ये त्याचा अर्ज जिनिव्हात पोचला. एका साध्या माणसाचा अर्ज! आणि संघाने तो उचलून धरला. त्या भागात यहुदीविरोधी कायदे लागू करणे जर्मनीला थांबवावे लागले. जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपेपर्यंत हे चालले. मुदत संपली आणि संरक्षणही संपले. बाकीच्या जर्मनीसाठी असा करारच नव्हता.

जर्मनीतून पळालेल्या निर्वासितांसाठी जेम्स मॅक्डॉनल्ड नावाचे अमेरिकन गृहस्थ हाय कमिशनर नेमले गेले. पण जर्मनीला राग येऊ नये म्हणून त्यांची कचेरी संघापासून वेगळी ठेवली! त्यांनी दोन वर्षे देशोदेशी उंबरठे झिजवले आणि डिसेंबर १९३५ मध्ये राजीनामा दिला. नुसते पळालेल्यांना सांभाळून भागणार नाही, लोक ज्या कारणाने पळत आहेत त्या कारणालाच हात घाला, असे त्यांनी जगाला पत्रातून बजावले. हेच मॅक्डॉनल्ड पुढे आपल्या इस्राएलमध्ये अमेरिकेचे पहिले राजदूत झाले.

तक्काझे नदीकाठचा मुलगा

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आम्हाला प्रथम पुस्तकात भेटली नाही, वॉर्डात भेटली.

१९९१ साली इथिओपियातून आपले बांधव विमानांनी आले, त्या उन्हाळ्यात आम्ही दक्षिणेतल्या एका इस्पितळात कामाला होतो. एक म्हातारबाबा पायाच्या जखमेसाठी दाखल होते. त्यांची भाषा तिग्रिन्या. नात शेजारी बसून मोडक्यातोडक्या हिब्रूत आम्हाला सांगायची. ड्रेसिंग करताना आम्ही त्यांच्या दंडावरचे जुने, चुरगळल्यासारखे डाग पाहिले. भाजलं होतं का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पाऊस पडला होता." आम्हाला वाटलं, नातीची भाषांतरात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. तक्काझे नदीकाठी ते गुरं घेऊन गेले होते, दहाएक वर्षांचे असतील. विमानं आली. पिंपं पडली, पण मोठा धमाका झाला नाही, म्हणून लोक हसले. मग अंगावर शिंतोडे आले. आधी काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत कातडी फोडांनी भरली. गवत करपलं, गुरं मेली.

तो मस्टर्ड गॅस होता. नाव गॅस, पण असतो तेलासारखा. लागताच दुखत नाही. काही तासांनी मोठे फोड येतात, डोळे सुजून मिटतात, श्वासात गेला तर फुप्फुसे जळतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाला तर तो जमिनीवरूनच धरतो. डिसेंबर १९३५ मध्ये तक्काझेच्या काठी इटालियन विमानांनी तो टाकला, हे आता इतिहासात नोंदलेले आहे. आणि विषारी वायू वापरणार नाही, असा करार १९२५ साली झाला होता, कुठे, तर जिनिव्हातच! इटलीची त्यावर सही होती.

हे युद्ध कसे सुरू झाले ते थोडक्यात सांगतो. इथिओपियाला तेव्हा ॲबिसिनिया म्हणत. तो १९२३ पासून संघाचा सभासद होता. मुसोलिनीला आफ्रिकेत साम्राज्य हवे होते. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीचे सैन्य सरहद्द ओलांडून आत शिरले.

या वेळी संघाने उशीर केला नाही, हे नमूद केले पाहिजे. आठवडाभरात पन्नास देशांनी इटलीला आक्रमक ठरवले आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. इटलीला शस्त्रे विकायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही. लोकही मागे नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन मते गोळा केली होती. एक कोटीहून अधिक माणसांनी उत्तरे दिली आणि त्यांतल्या बहुतेकांनी आक्रमकाचा व्यापार तोडावा असेच म्हटले.

आता बंदीची यादी बघा. इटलीला विकायच्या नाहीत अशा वस्तूंत घोडे होते, खेचरे होती, गाढवे आणि उंटही होते. रबर आणि कथील होते. पण कोळसा नव्हता, पोलाद नव्हते आणि पेट्रोल नव्हते. विमाने, रणगाडे, ट्रक सगळे पेट्रोलवर. म्हणजे गाढव विकायचे नाही, पण विमानाचे इंधन खुशाल विकायचे! मुलांनो, तुम्ही हसाल. आम्हीही हसलो, आणि मग ते म्हातारबाबा आठवले.

पेट्रोल बंद करायची गोष्ट जिनिव्हात निघाली होती. पण आपण बंद केले तर संघाबाहेरची अमेरिका विकेल, अशी भीती होती. शिवाय मुसोलिनी चिडून युद्धच पुकारेल, अशीही होती. निर्णय पुढे ढकलला, मग आणखी पुढे ढकलला. सुवेझ कालवाही उघडाच ठेवला. इटलीची सैनिकांनी भरलेली जहाजे कालव्याचा कर भरून आफ्रिकेकडे जात राहिली. पुढे मुसोलिनी स्वतःच हिटलरजवळ बोलल्याचे हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवले आहे. त्याचा सारांश असा, की पेट्रोल तोडले असते तर आठवड्याभरात मला माघार घ्यावी लागली असती.

त्याच डिसेंबरात आणखी एक प्रकार घडला. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लव्हाल यांनी गुपचूप योजना केली, की ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीला देऊन प्रकरण मिटवावे. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत ती फुटली. लोक खवळले आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. पण मुसोलिनीला जे समजायचे ते समजले.

३० डिसेंबर १९३५ रोजी मेल्का दिदा येथे स्वीडनच्या रेडक्रॉसच्या इस्पितळावर बाँब पडले. तंबूवर रेडक्रॉसची खूण असते ती कशासाठी, हे आम्हा नर्सांना पहिल्या वर्षी शिकवतात. इंग्लंडचे तरुण सर्जन जॉन मेली आपली ॲम्ब्युलन्स घेऊन गॅसने होरपळलेल्यांची शुश्रूषा करत होते. मे १९३६ मध्ये अदिस अबाबात लुटालूट माजली, तेव्हा जखमींना उचलताना त्यांना गोळी लागली आणि ते वारले. सगळेच हात बांधून बसले नव्हते, हे यासाठी सांगतो.

हैफाच्या धक्क्यावर सम्राट

५ मे १९३६ रोजी इटालियन सैन्य अदिस अबाबात शिरले. सम्राट हेले सेलासी तीन दिवस आधीच देशाबाहेर पडले होते. ते कुठे आले माहीत आहे? इंग्रजांच्या युद्धनौकेतून ते ८ मे रोजी आपल्या हैफा बंदरात उतरले आणि तिथून यरुशलेमला गेले. तेव्हा हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता तो राष्ट्रसंघाच्याच मँडेटखाली! ज्या संघाने त्यांना राखायचे वचन दिले होते, त्याच संघाच्या कागदावर चाललेल्या भूमीत त्यांना आसरा घ्यावा लागला.

३० जून १९३६ रोजी ते जिनिव्हात आमसभेपुढे उभे राहिले. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. त्यांना बाहेर काढावे लागले. मग सम्राटांनी आकाशातून पडणाऱ्या विषाविषयी सांगितले, आणि सभासदांना विचारले की मी माझ्या लोकांना काय उत्तर घेऊन जाऊ? उत्तर दोन आठवड्यांत मिळाले. १५ जुलै १९३६ रोजी इटलीवरचे निर्बंध उठवण्यात आले.

मग खरे कारण कोणते?

आता आमची फळ्यावरची यादी पुन्हा काढू आणि ॲबिसिनियाला लावून बघू.

एकमत नव्हते म्हणावे, तर पन्नास देश एका बाजूला होते. सैन्य नव्हते म्हणावे, तर पेट्रोल बंद करायला सैन्य लागत नाही, आणि इंग्रजांचे आरमार तर भूमध्य समुद्रातच होते. व्हर्सायचा राग म्हणावे, तर इटली जिंकलेल्यांच्या बाजूला होती. अमेरिका बाहेर होती, हे खरे. मंदी होती, हेही खरे. व्यापार तोडला की आपल्याच गिरण्या आणि खाणी बंद पडतात, ही धास्ती होती. हिटलर शस्त्रे वाढवत होता आणि त्याच्याविरुद्ध इटली आपल्याकडे असावी, असे इंग्लंड-फ्रान्सला वाटत होते. आदल्या युद्धात ज्यांची मुले गेली होती, त्या आईबापांना आफ्रिकेतल्या दूरच्या देशासाठी पुन्हा मुले पाठवायची नव्हती. त्यांना आम्ही वाईट म्हणणार नाही. भीती कोणाला नसते?

पण या सगळ्या कारणांच्या मुळाशी आम्हाला एकच गोष्ट दिसते, आणि ती वॉर्डात शिकलेली आहे.

आम्ही नवीन असतानाची गोष्ट. रात्रपाळीला आम्ही तिघी होतो. एका खोलीची घंटा वाजली. पहिलीला वाटलं दुसरी गेली असेल, दुसरीला वाटलं तिसरी गेली. तिघीही चांगल्या, कामसू. पेशंट आजी स्वतःच उठायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी हेड नर्सने आम्हाला ओरडून काही सांगितलं नाही. फक्त फळा आणला. कोणत्या खोलीची घंटा वाजली की कोणी धावायचं, ती दुसरीकडे अडकली तर कोणी, कोणी ट्रॉली आणायची, कोणी डॉक्टरला फोन करायचा, सगळी नावं लिहिली. पाळी सुरू होण्याआधी रोज लिहायची, असं ठरलं. त्यानंतर तसं पुन्हा घडलं नाही.

राष्ट्रसंघाच्या सनदेत 'सगळ्यांनी धावायचे' असे लिहिले होते. कोणी, किती, कोणाच्या खर्चाने, हे लिहिले नव्हते. घंटा वाजल्यावर प्रत्येकाने स्वतः ठरवायचे होते. आणि घंटा वाजल्यावर ठरवायला बसले, की प्रत्येकाला आपले घर आठवते. बारभाईची शेती, काय लागेल हाती! आरोग्याच्या कामात हे आड आले नाही, कारण साथीची तार पाठवायला खर्च थोडा आणि फायदा सगळ्यांचा. शांततेच्या कामात खर्च आज आपला, आणि फायदा दूरच्या कोणाचा तरी. निदान तसे वाटले.

१९२८ साली तर पॅरिसला पंधरा देशांनी युद्धाचाच त्याग करायचा करार केला. पुढे साठांहून अधिक देशांनी तो मान्य केला. मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे मात्र त्यात नव्हते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

बिल कोणाकडे आले

खर्च वाचला असे वाटले, पण तो वाचला नव्हता. नुसती तारीख पुढे गेली होती. सगळे ॲबिसिनियाकडे बघत असताना ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने ऱ्हाईनलंडमध्ये सैन्य घातले. त्याला कोणी अडवले नाही. इटली डिसेंबर १९३७ मध्ये संघ सोडून गेली. त्याच वर्षी आपले आगाखान आमसभेचे अध्यक्ष होते, पण घर रिकामे होत आले होते. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे ठरले, तेव्हा संघाला कोणी विचारलेसुद्धा नाही. १ सप्टेंबर १९३९ ला दुसरे युद्ध सुरू झाले. त्यात आपल्या साठ लाख यहुदी बांधवांचे काय झाले, ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

जे पेट्रोल १९३५ साली बंद करायला जड वाटले, त्याच्या जागी १९४१ साली माणसे द्यावी लागली. इटलीला पूर्व आफ्रिकेतून काढण्यासाठी हिंदुस्थानी सैन्याच्या दोन डिव्हिजन एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. आमच्या लहानपणी कुलाबा जिल्ह्यातल्या आजोळच्या गावी पलटणीतून परतलेले एक शेजारी होते, ते ओट्यावर बसून 'केरन, केरन' म्हणत. आम्हा मुलांना वाटे, ते कुठल्याशा करंजाच्या झाडाविषयी बोलतात. आता कळते, कोकणातली ती पोरे कोणाचे राहिलेले देणे फेडायला त्या उघड्या कातळावर चढली होती. ५ मे १९४१ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, सम्राट अदिस अबाबात परतले.

एप्रिल १९४६ मध्ये राष्ट्रसंघाची शेवटची सभा झाली आणि त्याची मालमत्ता नव्या संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेली. नव्या सनदेत सुरक्षा परिषद आली, पाच मोठ्या देशांना नकाराधिकार आला. कोणी धावायचे, याचा फळा मात्र अजूनही पुरता लिहिलेला नाही, असे रोजच्या बातम्या ऐकताना वाटते.

नातवाला आम्ही फोनवर हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आजी, ते काही करत नव्हते असं नाही. ते एकमेकांकडे बघत होते." आम्ही म्हटलं, बाळा, आठपैकी आठ.

तर मुलांनो, एक काम करा. नकाशात तक्काझे नदी आणि केरेन शोधून काढा. आणि तुमच्या शिकूनमध्ये इथिओपियाहून आलेले एखादे आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांचे आईवडील त्या वर्षी कुठे होते ते विचारा. वाट बघू नका. आमचे म्हातारबाबा बरे होऊन घरी गेले, आणि त्यांना आणखी काही विचारायचे आमचे राहूनच गेले.